वरचा दर आणि खालचा रोज

मजुरांचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा संपांचा इतिहास सांगितला जातो. संप केव्हा झाला, किती दिवस चालला, पुढारी कोण होते, तडजोड कोणी घडवली, हे सारे सांगायलाच हवे. परंतु प्रत्येक संपाच्या मागे जी एक साधी, रुक्ष आणि रोजची बाब उभी असते, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचित जाते. ती बाब म्हणजे दर. माणसाच्या एका दिवसाच्या श्रमाचा दर ठरतो कसा? तो ठरवतो कोण? आणि मालक व मजूर यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा राहिला म्हणजे त्या दराचे होते काय? या तिसऱ्या माणसाला आपल्या मुलखात नावे पुष्कळ आहेत. जॉबर, मुकादम, टोळीवाला, ठेकेदार, आणि अलीकडच्या काळात एजन्सी. आजच्या व्याख्यानात आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. कपाटातील जुने निवाडे, चौकशी समित्यांचे अहवाल आणि वाटाघाटींची टिपणे हीच आमची पाठ्यपुस्तके. तेव्हा विद्वानांची भाषा आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. पण दर ठरवण्याच्या बैठकींत आम्ही इतकी वर्षे बसलो आहोत, की त्या बैठकीत कोण काय बोलतो यापेक्षा कोण काय बोलत नाही, हे आम्हाला लवकर कळते.

मध्यस्थ आला, की दर एक राहत नाही. त्याचे दोन होतात. मालक मध्यस्थाला जो देतो तो वरचा दर, आणि मध्यस्थ मजुराच्या हातावर जो ठेवतो तो खालचा रोज. मालकाला वरचा आकडा ठाऊक असतो, मजुराला खालचा; दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो मध्ये बसलेला असतो. मजूर रोज वाढवून मागतो तेव्हा तो म्हणतो, “वरून येत नाही तर मी कोठून देऊ?” मालक दर कमी करू लागला, की तोच म्हणतो, “या दरात माणसे मिळत नाहीत.” दोन्ही वाक्ये कधी खरी असतात, कधी खोटी. पण खरे-खोटे करायचे साधन समोरच्याजवळ नसते. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण जात्यावर बसणाऱ्या बायांनी केली असेल. मजुरीच्या बाजाराला ती तंतोतंत लागू पडते. आमचे म्हणणे असे, की मुंबईच्या कामगारांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा जितका दर वाढवून घेण्याचा आहे, तितकाच हे दोन आकडे एका कागदावर आणण्याचा आहे.

आरंभ गिरण्यांपासून करू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली गिरणी चालू झाली. पुढल्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव उभा राहिला. त्याला माणसे लागली ती रत्नागिरीकडून आली, साताऱ्याकडून आली, पुण्याच्या घाटमाथ्यावरून आली. गिरणीचा मालक पारशी किंवा भाटिया, यंत्रखात्याचा प्रमुख बहुधा लँकेशायरचा साहेब. त्याला या माणसांची भाषा येईना, गावे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा माणसे आणणे, कामाला लावणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि नको झाले की काढणे, ही सारी कामे एका माणसाकडे आली. तो जॉबर. बायकांच्या खात्यांत, वाइंडिंग-रीलिंगमध्ये, हेच काम करणारी बाई असे. तिला नायकीण म्हणत.

जॉबर म्हणजे केवळ लुटारू होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. नवखा माणूस बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरला, की त्याला ओळखीचा माणूस जॉबरच. तोच खोलीत पथारीपुरती जागा देववी, खाणावळवालीकडे शब्द टाकी, अडीनडीला दोन रुपये उसने देई. तो बहुधा त्याच पंचक्रोशीतला असे. गावाला जाऊन भात लावून परत आलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेणारा तोच. ही सेवाच होती, आणि सेवेला मोल असते. वाईट एवढेच होते, की ते मोल किती, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. पगाराच्या दिवशी द्यायची दस्तुरी, नोकरी लागताना द्यायची भेट, उसन्या पैशांवरचे व्याज, अशा अनेक वाटांनी ते वसूल होई. जे. एच. व्हिट्ले यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला. त्यात या लाचलुचपतीचे वर्णन आहे, आणि माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, त्यासाठी गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारसही आहे.

जॉबरापुढे मजूर घासाघीस कशाची करी, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पगाराची नव्हे; पगार गिरणी ठरवी. घासाघीस होई ती जागेची. सकाळी फाटकाशी माणसे उभी असत. कोणी आजारी पडला, कोणी गावाला गेला, की त्याच्या जागी बदली घ्यायचा. उभ्या पन्नासांतून कोणाकडे बोट करायचे ते जॉबरच्या हाती. त्या बोटाची किंमत म्हणजेच दस्तुरी. आपल्या भावकीचा, आपल्या जातीचा माणूस आधी आत येई. विणखात्यात मजुरी इतर बऱ्याच खात्यांपेक्षा चांगली होती. पण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. दर कितीही चांगला असो, रांगच दुसऱ्याच्या हाती असेल तर तो दर त्या मजुराच्या काय कामाचा?

या बोटाची सत्ता जर कशाने पहिल्यांदा ढिली झाली असेल, तर ती एका साध्या पुठ्ठ्याच्या कार्डाने. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या आरंभी निवडलेल्या बदली कामगारांना कार्डे द्यायची, आणि रिकामी जागा कार्डवाल्यांतूनच भरायची. पद्धत निर्दोष नव्हती. कार्ड कोणाला द्यावे यात जॉबरचे वजन पुष्कळ दिवस टिकले. तरी पण रांग कागदावर आली. जी गोष्ट एकाच्या डोक्यात होती ती दहा जणांना वाचता येऊ लागली.

रांगेप्रमाणे दरही कागदावर यायला झगडावे लागले. एकाच रस्त्यावरच्या दोन गिरण्यांत एकाच कामाला दोन दर असत, आणि कापडाच्या वाणागणिक ते बदलत. १९२८ चा सार्वत्रिक संप २६ एप्रिलपासून ६ ऑक्टोबरपर्यंत चालला. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या केल्या. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे परस्परांशी मतभेद असलेले पुढारी त्या समितीत एकत्र बसले. मालकांनी आपल्या बाजूने दरांचे प्रमाणीकरण करण्याची योजना पुढे केली होती. तिच्या आडून पगारकपात होईल म्हणून कामगारांनी तिला विरोध केला, आणि सारे प्रकरण फॉसेट समितीपुढे गेले. भांडण दराच्या आकड्यावर होते. पण त्या भांडणातून प्रथमच ‘अमुक खाते, अमुक काम, अमुक दर’ असे कोष्टक सगळ्या शहरासाठी तयार करावे लागले. पुढे १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने प्रमाणित वेतन आले. सर्वांत खालच्या कामगारालाही सव्वीस दिवसांच्या महिन्याला तीस रुपये मूळ पगार ठरला, आणि महागाईभत्ता वेगळा. गिरणी कामगाराला आता जॉबरला विचारावे लागत नव्हते. कोष्टक वाचता येणारा एक सोबती खात्यात असला म्हणजे पुरे.

गिरणीत निदान मालक एक होता, फाटक एक होते. गोदीत मामला अधिक गुंतागुंतीचा. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची; प्रिन्सेस डॉक १८८० साली उघडले, अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली. जहाज येते ते दिवस ठरवून येत नाही. आज पाच जहाजे, उद्या एकही नाही. जहाज कंपनी माल उतरवण्याचे काम स्टीव्हडोर म्हणजे गोदीतल्या ठेकेदाराला देते, आणि तो टोळ्या लावतो. टोळीच्या वर टोळीवाला. येथे दिवसाचा दर कसा चालतो ते एका उदाहरणाने समजावून घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, जहाजात सहाशे टन माल आहे आणि ठेकेदाराला टनामागे दोन रुपये मिळणार आहेत. म्हणजे त्याचे झाले बाराशे. त्याने शंभर माणसे तीन रुपये रोजाने लावली. दिवसाचा खर्च तीनशे. काम तीन दिवस चालले तर मजुरांना नऊशे गेले आणि ठेकेदाराला तीनशे उरले. आता त्याच शंभर माणसांनी घाम गाळून काम दोन दिवसांत संपवले. मजुरांना गेले सहाशे, ठेकेदाराला उरले सहाशे. जो अधिक राबला त्याचा एक रोज बुडाला, आणि ज्याने पोत्याला हात लावला नाही त्याची कमाई दुप्पट झाली. खालचा रोज दिवसावर आणि वरचा दर टनावर असला, की असे घडते. त्यात कोणी चोरी केली असे नाही. हिशेबाची घडीच तशी आहे. म्हणून रोज तीनाचा सव्वातीन करून घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. मोजायचे माप कोणते, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

ही काही मुंबईचीच कथा नव्हे. लंडनच्या गोद्यांत १८८९ च्या ऑगस्टमध्ये जो प्रसिद्ध संप झाला, त्याची ठिणगी ‘लेडी आर्मस्ट्राँग’ नावाच्या जहाजावर पडली. काम लवकर संपवल्याबद्दल मजुरांना ‘प्लस’ म्हणून काही जादा रक्कम मिळण्याची चाल होती. ती किती, यावरून तंटा झाला. मजुरांना तासाला पाच पेन्स मिळत. त्यांनी सहा मागितले. ही सहा पेन्सची मागणी जगभर गाजली. परंतु त्या मागण्यांत आणखी दोन गोष्टी होत्या: एक, माणसाला बोलावले तर निदान चार तासांचे काम द्या, आणि दोन, पोटठेका बंद करा. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स यांच्या पुढारीपणाखाली महिनाभर चाललेला हा लढा सहा पेन्स घेऊन संपला. सकाळी गोदीच्या दाराशी जमावातून माणसे निवडण्याची पद्धत मात्र तेथेही पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली. दर जिंकता येतो, रांग जिंकायला पिढ्या लागतात, असा त्याचा अर्थ.

मुंबईच्या गोदी कामगारांना रांग मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला. मुंबईसाठी योजना आणि डॉक लेबर बोर्ड १९५१ मध्ये आले. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. कामगारांची नोंदवही झाली. काम पाळीपाळीने, नोंदवहीच्या क्रमाने मिळू लागले. हजेरी लावूनही काम मिळाले नाही तर हजेरीभत्ता, आणि महिन्यात ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. या सगळ्याचा खर्च चालवण्यासाठी ठेकेदारांकडून मजुरीवर वेगळी लेव्ही घ्यायची. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी गोदीतली ही माणसे संघटित केली होती. डिमेलो १९५८ साली वारले, आणि गोदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. पुढे पेटाऱ्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, माल येऊ लागला, टोळ्यांचे काम आटले, आणि १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. तरीही या बोर्डाने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली. माणसे गोळा करणे, त्यांची पाळी लावणे, हजेरी घेणे ही मध्यस्थाची कामे आवश्यक आहेत; पण ती करण्यासाठी मजुराच्या रोजातून हिस्सा काढावा लागत नाही. तिचा खर्च वेगळा मोजता येतो, आणि ज्याला माणसे हवीत त्याच्याकडून तो घेता येतो.

गोदीच्या भिंतीला लागूनच मस्जिद बंदर, दाणा बंदर, दारूखाना हा भाग. येथे माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याला मालक कोण, हाच प्रश्न. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवाल्याचा. व्यापारी म्हणे, “हा आमचा नोकर नव्हे.” ट्रकवाला म्हणे, “वाराई व्यापाऱ्याने द्यावी.” साऱ्यांची कामे करणारा हा माणूस कोणाचाच नव्हता. म्हणून कारखान्यासाठी केलेला कोणताही कायदा त्याला लागू होत नसे. अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यातून आलेले, स्वतः दारूखान्यात हमाली केलेले. त्यांनी १९६४ साली माथाडींची युनियन उभी केली. पुण्यात बाबा आढावांनी त्याच्या आधीच, १९५५-५६ च्या सुमारास, हमाल पंचायत स्थापली होती. या चळवळींचे फळ म्हणजे १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. महाराष्ट्राने केलेल्या कायद्यांत आम्ही याला फार वरचे स्थान देतो.

या कायद्याची घडण पाहा. मंडळात मालकांची नोंद होते, कामगारांच्या टोळ्यांचीही होते. केलेल्या कामाची मजुरी व्यापारी मंडळात भरतो. त्या मजुरीवर शेकडा अमुक अशी लेव्ही वेगळी भरतो. मजुरी मंडळाकडून मजुराच्या हाती. आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, औषधपाणी. टोळी राहिली, टोळीचा मुकादमही राहिला. पण तो आता बहुतेक ठिकाणी टोळीतलाच एक, ओझे उचलणारा. वरचा दर आणि खालचा रोज एकाच पावतीवर आले. ज्या माणसाला मालकच नाही असे सारे म्हणत होते, त्याला म्हातारपणी निधी मिळू लागला. नवी मुंबईत माथाडींच्या पोरांनी शिकून नोकऱ्या धरल्या, याचे मूळ त्या पावतीत आहे.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. मंडळांत दिरंगाई शिरली. कित्येक पेढ्या नोंदणीच टाळतात. आणि माथाडीच्या नावावर, ओझ्याला हात न लावता, धाकदपटशाने पैसे उकळणारी टोळकीही निघाली. कष्टकऱ्याचे नाव लावून फिरणारे हे लोक म्हणजे नव्या वेषातला जुना टोळीवालाच. त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, आणि तो खऱ्या माथाड्यांच्या संघटनांनीच पुढे होऊन मागितला पाहिजे. परंतु कुंपणाला भोक पडले म्हणून कोणी कुंपण उपटून टाकत नाही.

आता एक असे उदाहरण घेऊ, की जेथे वरचा दर लपलेला नाही, तरी मजूर मोकळा नाही. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला लाखो माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडणीचा दर टनावर, आणि तो कारखान्यांचा संघ व मजुरांच्या संघटना यांच्यात साऱ्या राज्यासाठी ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात ३४ टक्के वाढ ठरली, आणि मुकादमाच्या कमिशनात एका टक्क्याची वाढ वेगळी ठरली. म्हणजे आम्ही म्हणतो ते येथे घडले आहे: दर जाहीर, दलाली जाहीर, दोन्हींचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. मग अडते कोठे?

अडते उचलीवर. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, मुलीचे लग्न काढलेले असते, दवाखाना मागे लागलेला असतो. तेव्हा मुकादम उचल देतो. कोयत्याने ती हंगामभर फेडायची. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या वर्षावर. एक दिवस खाडा झाला तर तोही अंगावर. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत. त्याची नक्कल मजुराकडे बहुधा नसते. टनाचा दर वाढला याचा आनंद आहेच. पण ज्याच्या वहीत आपले नाव नावे बाजूला लिहिलेले आहे, त्याच्याशी मान वर करून दराची गोष्ट कोणी करावी? फडातून निघून दुसरीकडे जाण्याची वाटच बंद असते. तेव्हा आकडे उघड असणे आणि रांग मोकळी असणे या दोहोंना तिसरी अट जोडली पाहिजे: घासाघीस करणारा हा ज्याच्याशी घासाघीस करायची त्याचा ऋणको असता कामा नये. उचल बँकेने, पतपेढीने, कारखान्याने स्वतःच्या पावतीवर दिली, तर मुकादम हा मुकादम राहील. सावकार होणार नाही.

श्रोतेहो, इथवरची कथा ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की हा सारा हमाल-खलाशांचा मामला. आमची मुले शिकलेली आहेत. तर मग आजची स्थिती पाहा. १९७० साली संसदेने ठेका कामगारांचा कायदा केला. त्याचा हेतू नियमनाचा आणि शक्य तेथे निर्मूलनाचा होता. प्रत्यक्षात १९८२ चा गिरणी संप मोडल्यावर गिरण्या आटल्या, काम भिवंडी-मालेगावच्या मागांवर आणि ठेक्यावर गेले, आणि पुढल्या चाळीस वर्षांत ठेका हा अपवाद न राहता रिवाज झाला. आज औद्योगिक वसाहतीतला फिटर एजन्सीमार्फत, दवाखान्यातली परिचारिका एजन्सीमार्फत, बँकेच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी एजन्सीमार्फत. संगणकाचे उत्तम शिक्षण घेतलेला मुलगाही कित्येकदा एखाद्या मोठ्या कंपनीत दिवसाच्या दराने, दोन-तीन महिन्यांच्या कराराने, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावर बसलेला असतो. कचेरी थंडगार असते, गळ्यात ओळखपत्र असते. पण कंपनी एजन्सीला दिवसाचे किती देते, हे त्याला ठाऊक नसते. हा फरक मुंबई गोदीतल्या खलाशाहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे, ते आम्हाला कोणी समजावून सांगावे.

आमच्या कामातला एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात एजन्सीमार्फत साठ-सत्तर मुले होती. त्यांनी दिवसाला पन्नास रुपये वाढ मागितली. एजन्सीचा माणूस म्हणाला, “कंपनीच वाढ देत नाही.” कंपनीचा व्यवस्थापक म्हणाला, “ती मुले आमची नव्हेत, एजन्सीशी बोला.” दोन महिने हा चेंडू इकडून तिकडे टोलवला जात होता. शेवटी आम्ही एकच मागणी धरली: दर मागाहून बोलू, आधी तिघांनी एका टेबलाशी बसावे आणि बिल समोर ठेवावे. पुष्कळ खळखळ झाली, पण बिल आले. त्यात दिसले, की कंपनीने आठ महिन्यांपूर्वीच एजन्सीचा दर वाढवून दिला होता. आणखी एक गोष्ट दिसली: भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा कंपनी वेगळा देत होती, आणि एजन्सी तोच हिस्सा मुलांच्या रोजातून कापत होती. त्या बैठकीत कोणाला भाषण करावे लागले नाही. कागद बोलला. वाढ मिळाली आणि कापलेले पैसेही परत आले.

तेव्हा ज्यांची मुले-मुली उद्या एजन्सीच्या कचेरीत दर ठरवायला जाणार आहेत, त्यांनी चार गोष्टी सांगून पाठवाव्यात. पहिली: दिवस म्हणजे किती तास, आणि वरच्या तासांना काय, हे आधी लिहून घ्यावे. कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट दर सांगितलेला होता. दिवस लांबवला की दर आपोआप उतरतो. दुसरी: सांगितलेल्या आकड्यात निधी, विमा, बोनस, रजा धरलेली आहे की वेगळी, हे विचारावे, एकाच आकड्याचे हातात येणारे रोज फार वेगवेगळे असू शकतात. तिसरी: काम नसलेल्या दिवसाचे काय, आणि करार मध्येच संपला तर किती दिवसांची सूचना. चौथी, आणि सर्वांत अवघड: वरचा दर किती? एकट्याने हा प्रश्न विचारला तर पाठीमागच्या रांगेकडे बोट दाखवले जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणून तो एकट्याने विचारायचा प्रश्नच नव्हे. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दहा जणांनी आपापले रोज एकमेकांना सांगितले, तरी निम्मा अंधार जातो. आपला पगार दुसऱ्याला सांगू नये, ही शिकवण कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार करावा.

मूळ मालकालाही मोकळे सोडता येत नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे बंधन १९७० च्या कायद्याने घातले, आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेतही ते ठेवले आहे. “ती आमची माणसे नव्हेत” हे वाक्य कायद्यानेच अर्धे खोडून ठेवले आहे. उरलेले अर्धे खोडायचे काम संघटनेचे.

एजन्सी मुळीच नसावी, असे आमचे म्हणणे नाही. काम कोठे आहे हे एकाला ठाऊक नसते आणि माणूस कोठे आहे हे दुसऱ्याला ठाऊक नसते. त्यांची गाठ घालून देणे हेही एक कामच आहे. सरकारने १९४५ पासून रोजगार विनिमय केंद्रे काढली, कारण हे काम समाजाला लागते. ज्याने ते प्रामाणिकपणे केले त्याला त्याचा मोबदला मिळावा, उघडपणे मिळावा, आणि ज्याला माणूस हवा आहे त्याने तो द्यावा. गिरणीतल्या कार्डाने रांग उघडी केली, गोदीच्या आणि माथाडीच्या मंडळांनी दोन्ही आकडे उघडे केले, आणि उसाच्या फडात उचलीची वही अजून उघडायची राहिली आहे. ती तिन्ही कामे आता एजन्सीच्या कचेरीत नव्याने करावी लागणार. त्या कचेरीत जाणारी मुले आपल्याच गावची आहेत. ती परत आल्यावर “किती ठरले?” एवढेच विचारून थांबू नका. “त्याला किती मिळतात?” हेही विचारा.